जाड अक्षराच्या पोटातली जागा

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर 'नळदुर्ग' हा शब्द नेहमीच्या वळणात, जरा मोठा लिहा. मग तेवढ्याच उंचीत आणि तेवढ्याच रुंदीत, पण रेषा दुप्पट जाड करून पुन्हा लिहा. तिसऱ्या खेपेला रेषा तिप्पट जाड करा. आता अडचण सुरू होईल. 'ळ'चे दोन्ही डोळे बुजू लागतील. 'दु'चा उकार 'द'च्या शेपटीला चिकटेल. 'ग'च्या डोक्यावरचा रफार शिरोरेषेवर बसकण मारील. 'ग'चे दोन भाग एकमेकांना टेकले तर तो 'ग' आहे की नुसता ठोकळा, हेही सांगता येणार नाही.

अक्षर जाड करणे म्हणजे फक्त रेषेत रंग भरणे नव्हे, हे या एका शब्दातून ध्यानात येते. जागा तेवढीच असताना रेषा जाड झाली, की दुसरे काहीतरी बारीक होते. ते म्हणजे अक्षराच्या पोटातली मोकळी जागा. या लेखात आपण तिचाच विचार करणार आहोत. शाळेतले तक्ते, विज्ञान प्रदर्शनाचे फलक, भिंतीवरचे सुविचार ही सगळी अक्षरे आपणच लिहितो किंवा संगणकावर निवडतो. ती मागच्या बाकावरच्या मुलाला वाचता येतात की नाही, हे पुष्कळ अंशी या मोकळ्या जागेवर ठरते.

नळदुर्ग हे धाराशिव जिल्ह्याच्या (२०२३ पर्यंतचा उस्मानाबाद जिल्हा) तुळजापूर तालुक्यातले गाव. सोलापूरहून हैदराबादला जाणारा महामार्ग या गावावरून जातो. अशा गावात रस्त्याच्या कडेला पाट्यांची दाटी असते. हॉटेल, टायरचे दुकान, शाळा, दवाखाना, भुईकोट किल्ल्याकडे जाण्याचा बाण. त्यांतल्या काही पाट्यांवरची अक्षरे गुबगुबीत, वाटोळी, फुगलेल्या पुरीसारखी असतात. मिठाईच्या खोक्यावर, मुलांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आणि बालवाडीच्या भिंतीवरही अशीच अक्षरे दिसतात. पाहताच हसू येते आणि जवळ जावेसे वाटते. त्यांना खेळकर अक्षरे म्हणता येईल. पण या खेळकरपणामागे बरेच गणित आणि थोडे शरीरशास्त्र दडलेले आहे.

मोदक नावाचा फॉन्ट

मराठीतले याचे एक ठळक उदाहरण म्हणजे 'मोदक' हा फॉन्ट. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाने तो तयार केला आणि २०१५ मध्ये तो सर्वांना मोफत उपलब्ध झाला. त्यातली देवनागरी अक्षरे सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी घडवली, तर रोमन अक्षरे नूपुर दाते यांनी. याची सुरुवात संगणकावर झाली नाही, कागदावर हाताने काढलेल्या अक्षरांपासून झाली. नाव अगदी शोभणारे आहे. मोदकासारखीच ही अक्षरे भरलेली, फुगीर आणि कळ्यांच्या जागी दुमडलेली दिसतात. रेषा इतक्या जाड आहेत की त्या एकमेकींत घुसतात, आणि दोन रेषांच्या मध्ये फक्त एक बारीक पांढरी फट उरते.

इथे दोन गोष्टींतला फरक लक्षात घ्यायला हवा. एक म्हणजे हाताने घडवलेले शीर्षक आणि दुसरी म्हणजे फॉन्ट. मराठी नाटकांच्या जाहिराती आणि मासिकांची शीर्षके कमल शेडगे (निधन २०२०) यांच्यासारख्या अक्षरकारांनी हाताने घडवली. असे शीर्षक करताना त्या एका नावातली चार-सहा अक्षरेच काढायची असतात. शेजारच्या अक्षराला जागा हवी असेल तर काना थोडा आत घेता येतो, एखादी वेलांटी मुद्दाम लांबवता येते. पेंटरही पाटी रंगवताना हेच करतो. फॉन्टला ही मुभा नसते. वापरणारा पुढे कोणता शब्द लिहील, हे फॉन्ट करणाऱ्याला माहीत नसते. म्हणून कोणतेही अक्षर कोणत्याही अक्षराशेजारी आले तरी ते शोभले पाहिजे आणि वाचता आले पाहिजे. चार अक्षरांचे काम शेकडो आकारांपर्यंत जाते ते यामुळे.

डोळ्याला किती बारीक फट दिसते?

आता पोटातल्या फटीकडे वळू. दोन रेषा वेगळ्या आहेत हे डोळ्याला कळण्यासाठी त्यांच्यातल्या फटीने डोळ्याशी काही किमान कोन करावा लागतो. निरोगी डोळ्यासाठी हा कोन सुमारे एक मिनिट, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग धरतात. नेत्रतपासणीचा तक्ता याच आधारावर बनवलेला आहे. हर्मन स्नेलेन या डच नेत्रवैद्याने १८६२ मध्ये तो प्रसिद्ध केला. सहा मीटरवरून वाचायच्या ओळीतले अक्षर सुमारे ८.७ मिलिमीटर उंच असते आणि त्यातली प्रत्येक रेषा व प्रत्येक फट त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढी, म्हणजे सुमारे १.७५ मिलिमीटर असते. सहा मीटरवर १.७५ मिलिमीटर म्हणजेच एक मिनिटाचा कोन.

यावरून एक सोपा हिशेब निघतो. अंतराला ३,४३८ ने भागले की त्या अंतरावरून जेमतेम ओळखता येणारी फट मिळते. उलट, फटीला ३,४३८ ने गुणले की ती किती अंतरापर्यंत दिसेल ते कळते. (३,४३८ हा आकडा कुठून आला, हे विद्यार्थ्यांना त्रिकोणमितीवरून काढायला सांगा. एका रेडियनमध्ये तेवढे मिनिटे असतात.)

हिशेबासाठी 'ण' हे अक्षर सोयीचे आहे. शिरोरेषा सोडली तर त्यात तीन उभ्या रेषा आणि त्यांच्या मध्ये दोन फटी असतात. समजा, पाटीवरच्या 'ण'ची रुंदी १०० मिलिमीटर आहे. ही रुंदी आपण तीन प्रकारे वाटून पाहू.

पहिला 'ण' किरकोळ अंगाचा. प्रत्येक रेषा १२ मिलिमीटर, प्रत्येक फट ३२ मिलिमीटर.

दुसरा मध्यम बांध्याचा. रेषाही २० मिलिमीटर आणि फटीही २० मिलिमीटर.

तिसरा गुबगुबीत. रेषा २८ मिलिमीटर आणि फट जेमतेम ८ मिलिमीटर.

प्रत्येकातला सर्वांत बारीक भाग घ्या आणि त्याला ३,४३८ ने गुणा. पहिल्यासाठी सुमारे ४१ मीटर, दुसऱ्यासाठी सुमारे ६९ मीटर आणि तिसऱ्यासाठी सुमारे २७ मीटर अंतर येते. आता ही पाटी महामार्गाच्या कडेला आहे आणि ताशी ६० किलोमीटर वेगाने एस.टी. येते आहे, अशी कल्पना करा. एस.टी. सेकंदाला सुमारे १६.७ मीटर अंतर कापते. म्हणजे मधल्या बांध्याचा 'ण' वाचायला प्रवाशाला चार सेकंद मिळतात, तर गुबगुबीत 'ण' वाचायला दोन सेकंदांहूनही कमी.

हा हिशेब ढोबळ आहे. उजेड, रंगांतला फरक, शब्दाची ओळख यांमुळे प्रत्यक्ष अंतरे बदलतात. एकटी काळी रेघ याहून लांबूनही जाणवू शकते, त्यामुळे पहिल्या 'ण'चे अंतर प्रत्यक्षात जास्तही भरेल. पण मुद्दा बदलत नाही. रेषा जाड केल्याचा फायदा एका हद्दीपर्यंतच मिळतो. ती हद्द ओलांडली की रेषा नव्हे, फट अपुरी पडू लागते.

मग गुबगुबीत अक्षरे वापरायचीच कशाला? कारण पाटीचे काम फक्त वाचले जाणे एवढेच नाही. तिला आधी दिसावे लागते. जाड अक्षर म्हणजे रंगाचा मोठा डाग. बारीक अक्षरांच्या गर्दीत तो चटकन नजरेत भरतो. डाग दिसला की माणूस जवळ येतो, आणि जवळ आल्यावर फटी दिसून शब्द वाचता येतो. शिवाय वाटोळ्या, भरीव आकारांचा मनावर होणारा परिणाम वेगळा असतो. टोकदार अक्षर धाक दाखवते, गुबगुबीत अक्षर बोलावते. एक-दोन शब्दांच्या नावाला हे सारे उपयोगी पडते. पानभर मजकुराला पडत नाही.

नुसते फुगवून चालत नाही

मग साधे अक्षर घेऊन संगणकाला 'जाड कर' असे सांगितले तर? आज बहुतेक लेखन-प्रणालींमध्ये अशी सोय असते. पण ती रेषेला दोन्ही बाजूंनी सारखीच फुगवते. फटीच्या डाव्या काठाची रेषा ५ मिलिमीटर आत सरकली आणि उजव्या काठाचीही ५ मिलिमीटर, की फट एकदम १० मिलिमीटरने कमी होते. ३२ मिलिमीटरची मोठी फट हे सोसते, १० मिलिमीटरची फट मात्र नाहीशी होते. देवनागरीत दोन्ही प्रकारच्या फटी शेजारी शेजारी असतात. 'ग'च्या मध्ये ऐसपैस जागा असते, तर 'ष'च्या पोटातून तिरकी रेघ गेल्यामुळे तिथे दोन अरुंद कोपरे तयार होतात. सगळे सारखे फुगवले की 'ग' ठीक राहतो आणि 'ष'चा 'प' होतो. 'विष'चे 'विप' झालेले चालणार नाही.

त्यामुळे जाड अक्षर करणाऱ्याला उलटा विचार करावा लागतो. तो आधी पांढरी फट ठरवतो आणि उरलेली जागा काळ्याला देतो. मोदकमध्ये हेच केलेले दिसते. अक्षर सोपे असो की गुंतागुंतीचे, आतली पांढरी फट शक्य तितकी एकसारखी ठेवली आहे. जिथे रेषांची दाटी आहे तिथे रेषा बारीक होतात किंवा एकमेकींवर चढतात, आणि जिथे जागा आहे तिथे फुगतात. म्हणूनच वेगवेगळी अक्षरे शेजारी आली तरी एकाच घरातली वाटतात.

नळदुर्गच्या किल्ल्यात याच विचाराचे एक दगडी रूप आहे. बोरी नदीवर तिथे एक भक्कम बांध घातलेला आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातले ते काम. त्या बांधाच्या पोटात एक महाल आहे, त्याला पाणीमहाल म्हणतात. पावसाळ्यात बांधावरून पाणी कोसळत असते आणि आत उभा राहिलेला माणूस कोरडा राहतो. जादा पाणी जाण्यासाठी जे मार्ग ठेवले आहेत, त्यांतून पडणारे दोन धबधबे 'नर' आणि 'मादी' या नावांनी ओळखले जातात. बांध जितका जाड तितका मजबूत, हे खरे. पण त्यात कोठे मोकळे सोडायचे हे बांधणाऱ्याने आधी ठरवले होते, म्हणून तो कामाचा झाला. जाड अक्षराचेही तसेच आहे. भरीव भाग कोणीही भरील. पोकळी कुठे राखायची, हे ठरवण्यात कसब आहे.

छपाईत ही काळजी आणखी वाढते. कागदावर शाई थोडी पसरते आणि फटी अरुंद करते. अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीच्या टेलिफोन डिरेक्टरीसाठी मॅथ्यू कार्टर यांनी १९७८ मध्ये 'बेल सेंटेनियल' हा टाइप तयार केला. त्यातल्या लहान अक्षरांच्या कोपऱ्यांत त्यांनी मुद्दाम खाचा ठेवल्या. छापताना शाई त्या खाचांत भरायची आणि अक्षर नीट दिसायचे. आपण तक्त्याची झेरॉक्स काढतो, त्या प्रतीची पुन्हा झेरॉक्स काढतो, तेव्हा हाच अनुभव येतो. प्रत्येक खेपेला बारीक फटी बुजत जातात.

हाताची रेघ, गणिताची रेघ

कागदावर हाताने काढलेले अक्षर संगणकात जाते कसे? त्याचा फोटो ठेवून चालत नाही. फोटो म्हणजे ठिपक्यांची जाळी. मोठा केला की कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. फॉन्टमध्ये अक्षराची बाह्यरेषा साठवलेली असते, आणि तीही काही मोजक्या बिंदूंच्या रूपात. बिंदूंवरून वक्र काढण्याची जी पद्धत वापरतात ती मोटारींच्या कारखान्यांतून आली. सिट्रोएन कंपनीतील पॉल द कास्तेलजो आणि रेनॉ कंपनीतील पिएर बेझिए या दोन फ्रेंच माणसांनी मोटारींचे वक्र पत्रे नेमके मांडता यावेत म्हणून ती स्वतंत्रपणे शोधली. आज तिला बेझिए वक्र म्हणतात.

ती शाळेच्या आलेख कागदावर करून पाहता येते. अ (०,०), ब (४,८) आणि क (८,०) हे तीन बिंदू घ्या. अ-ब रेषेचा मध्य (२,४) आणि ब-क रेषेचा मध्य (६,४). या दोन मध्यांना जोडा आणि त्या रेषेचा मध्य घ्या. तो (४,४). वक्र या बिंदूतून जातो. आता मध्याऐवजी दोन्ही रेषांवर पाव अंतरावरचे बिंदू घ्या, ते जोडा, आणि जोडरेषेवरही पाव अंतरावरचा बिंदू घ्या. हे (१,२) आणि (५,६), आणि त्यांवरून (२,३) मिळतो का, ते स्वतः तपासा. पाऊण अंतरासाठीही तेच करा. मिळालेले बिंदू अलगद जोडले की एक सुबक कमान तयार होते. वक्र 'ब'ला स्पर्श करत नाही. 'ब' त्याला फक्त आपल्याकडे ओढतो. मोठ्या वर्गातले विद्यार्थी ही कमान ओळखतील. तो अन्वस्त, म्हणजे पॅराबोला आहे.

मोदकच्या गुबगुबीत गालांची गोलाई अशाच बिंदूंनी बांधलेली असते. बिंदूंचे आकडे दहापट केले तर अक्षर दहापट मोठे होते आणि कडा तशाच गुळगुळीत राहतात. म्हणून एकच फॉन्ट खाऊच्या पुडीवरही चालतो आणि शाळेच्या कमानीवरही.

एक वेलांटी, अनेक रुंदी

देवनागरीच्या फॉन्टमध्ये आणखी एक मेहनत असते. मराठीत छत्तीसच्या आसपास व्यंजने आहेत. प्रत्येकाची बाराखडी धरली तर चारशेहून अधिक अक्षरे झाली, आणि जोडाक्षरे वेगळीच. पूर्वी छापखान्यात यासाठी शेकडो वेगवेगळे खिळे ठेवावे लागत. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये सुरू केलेला निर्णयसागर छापखाना देवनागरी खिळ्यांच्या सुबकपणासाठी नावाजला गेला. जुळारी त्यांतून नेमका खिळा उचलून शब्द जुळवीत असे.

संगणकात मजकूर साठवताना हा पसारा लागत नाही. युनिकोड या जागतिक संकेतानुसार प्रत्येक मूळ चिन्हाला एक क्रमांक असतो. 'क्षि' हे अक्षर संगणकात २३२५ (क), २३८१ (पाय मोडल्याची खूण), २३५९ (ष) आणि २३६७ (ऱ्हस्व वेलांटी) अशा चार आकड्यांनी साठवले जाते. पहिल्या तिघांचा मिळून 'क्ष' करायचा, हा नियम फॉन्टमध्ये लिहिलेला असतो, आणि वेलांटी शेवटी साठवलेली असली तरी दाखवताना पुढे आणायची, हे काम अक्षरे मांडणारी संगणकाची प्रणाली करते. थोडक्यात, जुळाऱ्याचे काम आता फॉन्ट आणि ही प्रणाली मिळून करतात.

वेलांटीची कमान 'रि'मध्ये आखूड आणि 'णि'मध्ये लांब हवी. बारीक अक्षरांत एकच मध्यम वेलांटी खपून जाते. जाड अक्षरांत ती आखूड पडली तर उघडी दिसते आणि लांब झाली तर शेजारच्या मात्रेवर आदळते. म्हणून मोदकमध्ये अक्षरांच्या रुंदीनुसार वेलांट्यांचे आणि मात्रांचे वेगवेगळे आकार ठेवले आहेत. योग्य आकार आपोआप निवडला जातो.

युनिकोडचा मुद्दा शिक्षकांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. १९९० च्या दशकातले पुष्कळ मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवून केलेले होते. त्यांत लिहिलेला मजकूर तोच फॉन्ट असेल तरच वाचता येतो. फॉन्ट बदलला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गोंधळ उमटतो. अनेक शाळांतल्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि टिपणे अशी अडकून पडली आहेत. युनिकोड फॉन्टमध्ये लिहिलेला शब्द मात्र फॉन्ट बदलला तरी तोच राहतो, फक्त त्याचा पेहराव बदलतो. मोदक युनिकोडवर चालतो. त्याचा परवानाही खुला आहे. कोणीही तो वापरू शकतो, दुसऱ्याला देऊ शकतो, त्यात बदलही करू शकतो.

'एक टाइप'नेच केलेला दुसरा जाड फॉन्ट 'बलू'. तो मोदकइतका स्थूल नाही, आणि त्याची खासियत अशी की तो अनेक भारतीय लिप्यांत आहे. देवनागरीखेरीज इतर लिप्यांत त्याला भावाचे नाव जोडलेले आहे. गुजरातीत भाई, बंगालीत दा, गुरुमुखीत पाजी, कन्नडमध्ये तम्मा, तेलुगूत तम्मुडु, तमिळमध्ये तंबी. कर्नाटक आणि तेलंगणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या गावाला अशा भावंडांचा उपयोग आहे. एकाच पाटीवर मराठी, कन्नड आणि तेलुगू लिहायचे झाले तर तिन्हींची जाडी आणि ढब जुळते. नंतरच्या 'बलू २' या आवृत्तीत जाडीच्या पाच पायऱ्या आहेत, त्यामुळे शीर्षक जाड आणि उपशीर्षक हलके ठेवता येते.

कुठे वापरावे, कुठे टाळावे

खेळकर जाड अक्षरांची जागा शीर्षकात आहे. प्रदर्शनाचे नाव, हस्तलिखिताचे मुखपृष्ठ, स्नेहसंमेलनाचा फलक, वर्गाच्या दारावरची पाटी. एक ते चार शब्द, मोठ्या आकारात. त्याखालचा मजकूर साध्या वळणाच्या अक्षरात घ्यावा.

वाचायला नुकतेच शिकणाऱ्या मुलांसाठी अक्षरतक्ता करताना मात्र ही अक्षरे टाळावीत. आपल्याला ती बालसुलभ वाटतात, म्हणून मुलांना सोपी असतील असा आपला समज होतो. प्रत्यक्षात मूल ज्या बारीक खुणांवरून अक्षरे ओळखायला शिकत असते, त्याच खुणा जाडीत हरवतात. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' यांच्यातला फरक शिरोरेषेजवळच्या लहानशा मोकळ्या जागेत असतो. 'ब' आणि 'व' यांच्यात तर पोटातली एक तिरकी रेघ एवढाच फरक. आपल्याला शब्द पाठ असतात, म्हणून आपण 'धन' आणि 'घन' संदर्भाने ओळखतो. सहा वर्षांच्या मुलाजवळ तो संदर्भ नसतो. ते अक्षरच पाहते, आणि चुकले तर दोष त्याच्या माथी येतो.

फळ्याबाबत आणखी एक गोष्ट. काळ्यावर पांढरे लिहिले की पांढरी रेषा आहे त्याहून जाड भासते, कारण डोळ्यात प्रकाश थोडा पसरतो. म्हणजे खडूने लिहिलेल्या जाड अक्षराच्या फटी आणखी अरुंद होतात. तोच आराखडा कागदावर काळ्या रंगात चांगला दिसला तरी फळ्यावर किंवा काळ्या पार्श्वभूमीच्या फलकावर रेषा थोड्या बारीक कराव्यात.

तक्त्यासाठी एक ठोकताळा सांगतो. वर्गातला शेवटचा बाक आठ मीटरवर असेल, तर निरोगी डोळ्याला जेमतेम २.३ मिलिमीटरची फट ओळखू येते. जेमतेम दिसणे पुरेसे नाही, म्हणून दुप्पट धरा. अक्षरातली सर्वांत बारीक फट ५ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. याचा आणखी एक लाभ आहे. नेत्रवैद्याच्या भाषेत ज्याची नजर ६/१२ आहे, अशा मुलाला निरोगी डोळ्याच्या दुप्पट मोठा तपशील लागतो. त्याला चष्मा नसला, तरी ५ मिलिमीटरची फट त्यालाही दिसू शकते.

वर्गात करून पहा

सारख्या आकाराचे सहा कागद घ्या. घ, ध, भ, म, ब, व ही अक्षरे आधी साध्या जाडीत लिहा. दुसऱ्या संचात तीच अक्षरे तेवढ्याच रुंदीत मध्यम जाडीत, आणि तिसऱ्या संचात गुबगुबीत लिहा. संगणक असेल तर साधा फॉन्ट, बलू आणि मोदक वापरता येतील. एका विद्यार्थ्याने मैदानात एका टोकाला कागद धरावा. दुसऱ्याने लांबून पुढे चालत यावे आणि अक्षर खात्रीने ओळखता येईल तिथे थांबावे. अंतर मोजून वहीत मांडा. कागद दाखवण्याचा क्रम दर वेळी बदला, नाहीतर मुले क्रम पाठ करतील. पूर्ण शब्द देऊ नका, कारण ओळखीचा शब्द डोळा न पाहताच मन वाचून टाकते. किमान दहा जणांची अंतरे घ्या, सरासरी काढा आणि फटीची रुंदी व अंतर यांचा आलेख काढा. बिंदू सरळ रेषेच्या जवळपास येतात का, आणि त्या रेषेचा चढ ३,४३८ च्या जवळ जातो की कमी भरतो, याची चर्चा करा.

हा प्रयोग करताना एखादा विद्यार्थी इतर सर्वांपेक्षा सतत फार जवळ येऊनच अक्षर ओळखतो असे दिसले, तर त्याची नोंद वेगळी ठेवा. त्याला हसू देऊ नका आणि आलेखातून गाळूही नका. त्याच्या पालकांना निरोप पाठवा आणि डोळे तपासून घ्यायला सांगा. फळ्यावरचे दिसत नाही हे मूल बहुधा स्वतःहून सांगत नाही, कारण इतरांना याहून स्पष्ट दिसते हेच त्याला ठाऊक नसते. अक्षरांच्या पोटातली ही फट मोजता मोजता असे एक जरी मूल सापडले, तरी तासाचे चीज झाले.